तीच वाट, सतरा दिवस : एरंडवणे, पुणे, जून २०२०

फिल्म इन्स्टिट्यूटपासून लॉ कॉलेज रस्त्यानं भांडारकर संस्थेपर्यंत, तिथून भांडारकर रस्ता, मग कमला नेहरू उद्यानाशेजारच्या गल्लीतून प्रभात रस्ता आणि परत. एवढाच प्रवास. मार्चच्या शेवटापासून करोनाची टाळेबंदी, दोन महिने दाराबाहेर पडणं म्हणजे दूध आणि औषधं. मग टाळेबंदी सैल करणारा ‘पुनश्च हरिओम’चा आदेश आला आणि ३ जूनपासून चालणं, पळणं, सायकल चालवणं यांना पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळेत परवानगी मिळाली. अट अशी की घराजवळच चालायचं आणि घोळका करायचा नाही. पासष्टीपुढच्यांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना घरातच थांबायला सांगितलं होतं. प्रतिबंधित क्षेत्रांची यादी बदलत राहायची, त्यामुळे निघण्यापूर्वी आपली गल्ली त्यात आलेली नाही ना, हे बघणं हे पहिलं काम.

रोज नवी वाट शोधायचा मोह होतो. तो आवरावा. परिघ एवढा लहान असताना नवी वाट चार दिवसांत संपते आणि पाचव्या दिवशी कंटाळा येतो. वाट एकच ठेवून रोज बघायची गोष्ट एकच ठरवली, तर तीच वाट महिनाभर पुरते. आज फक्त भिंती, उद्या फक्त आवाज. सगळंच बघायला गेलं की काहीच हाती लागत नाही.

सामान किलोभराच्या आत बसवावं: अर्धा लिटर पाणी, छत्री, वही, पेन्सिल (पेनाची शाई पावसात फुटते), दसपट मोठं दाखवणारं भिंग, दहा मीटर सुतळी, फोनसाठी प्लास्टिकची पिशवी आणि कागदी पाकिटात दुसरा कोरडा मास्क. हा दुसरा मास्क विसरू नये. तीन पदरी सुती मास्क अर्ध्या तासाच्या चालण्यात घामानं आणि श्वासानं ओला होतो, ओल्या कापडातून हवा नीट येत नाही, दम लागतो आणि माणूस नकळत तो नाकाखाली ओढतो. चष्म्यावर वाफ येते ती मास्कच्या वरच्या कडेतून निसटलेल्या उबदार श्वासामुळे. नाकावरची तार दोन्ही बाजूंनी घट्ट दाबायची आणि चष्मा मास्कच्या कडेवर बसवायचा, की ती बरीच थांबते.

अंतर स्वतःच्या पावलांनी मोजलेलं बरं. पार्किंगमध्ये सुतळीनं दहा मीटर आखून नेहमीच्या चालीनं तीनदा चालायचं आणि पावलांची सरासरी काढायची. दहा मीटरला चौदा पावलं पडत असतील, तर साडेतीन हजार पावलं म्हणजे अडीच किलोमीटर. दोन महिने बसून काढल्यावर पहिल्या आठवड्यात एवढंच चालावं. पोटऱ्या आणि नडगीची पुढची बाजू आधी तक्रार करतात. ती दुखली की वेग कमी करायचा, अंतर वाढवायचं नाही.

शुक्रवार, ५ जून

वटपौर्णिमा, आणि दोनच दिवसांपूर्वी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळून गेलेलं. पुण्यातही झाडं पडली, फांद्या मोडल्या. रस्त्याच्या कडेला ढीग लावलेले. वाईट वाटतंच, पण एरवी चाळीस फुटांवर असणारा झाडाचा शेंडा आज हाताशी आहे. तो बघायची संधी वर्षातून एखाद्या वेळी मिळते.

पूजा यंदा घरात, कुंडीतल्या रोपापुढे किंवा पाटावर काढलेल्या चित्रापुढे. त्यामुळे वडाखाली गर्दी नाही. निवांत उभं राहता येतं. आधी घेर मोजायचा. जमिनीपासून सुमारे १३७ सेंटिमीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, सुतळी गुंडाळायची. पारंब्यांचे खांब मुख्य खोडाजवळ असतील तर सुतळी त्यांच्या आतून न्यायची, नाहीतर आकडा फुगतो. घेराला ३.१४ नं भागलं की जाडी. एका माणसानं हे करायचं तर सुतळीच्या टोकाला छोटा दगड बांधून तो खोडापलीकडे झुलवावा लागतो.

मोडलेल्या फांदीवर कोवळ्या पानाची गुंडाळी टोकदार आवरणात बंद असते. ते आवरण गळलं की फांदीवर गोल कंगोरा राहतो. असे कंगोरे मोजत मागे गेलं की फांदीनं किती पानं काढली त्याचा हिशेब लागतो. पारंबीचं वाढतं टोक फिकट पिवळसर आणि मऊ असतं. शहरात ते जमिनीला टेकायच्या आत छाटलं जातं, म्हणून रस्त्यावरच्या वडांना दाढी असते पण पाय नसतात. खाली फळं पडली असतील तर एक उघडावं. वडाला फूल दिसत नाही याचं कारण आत सापडतं: फुलं फळाच्या पोकळीतच असतात आणि तोंडाशी असलेल्या बारीक भोकातून एवढीशी गांधीलमाशी आत शिरून परागीभवन करते. तेवढी माशी नसेल तर वडाला बी धरत नाही.

याच फळांवर राखी धनेश येतात. एरंडवण्याच्या जुन्या झाडांवर ते दिसतात आणि आधी ऐकू येतात, घारीसारख्या किंचाळण्यानं. जूनमध्ये ढोलीतली मादी आणि पिल्लं बाहेर पडायचे दिवस असतात. ढोली सापडली तर तिच्याखाली थांबू नये आणि जागा कुणाला सांगू नये.

सोमवार, ८ जून

मृग लागलेला. आज वाटेला एक फाटा जोडायचा: लॉ कॉलेजमागची टेकडी. शनिवार-रविवार टाळून सोमवार घेतला कारण सुट्टीच्या दिवशी सकाळी सात वाजता टेकडीवर लक्ष्मी रस्त्यासारखी दाटी होते, आणि अरुंद पायवाटेवर सहा फूट अंतर ठेवायला जागाच नसते. समोरून कोणी आलं तर चढणाऱ्याला वाट द्यायची, आपण उताराच्या बाजूला न जाता डोंगराच्या बाजूला सरकायचं.

ही टेकडी पुढे वेताळ टेकडीला मिळते, आणि वेताळ म्हणजे सुमारे ८०० मीटर, पुणे शहरातला सर्वांत उंच माथा. सगळा दगड बेसाल्ट, त्यावर मुरूम. मुरूम हीच इथली खरी अडचण. कोरडा असताना तो छर्र्यांसारखा पायाखालून सरकतो. पहिल्या सरींनंतर त्यावर धुळीचा लगदा बसतो, तो त्याहून वाईट. उतरताना पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, पाऊल थोडं तिरकं. बुटाचा तळ गुळगुळीत झाला असेल तर आज वर जाऊ नये, खालूनच चक्कर मारावी.

वर बघायचं ते जमिनीवर. वादळाच्या पावसानं माती भिजलेली आहे. मातीचा वास येतो तो तिच्यातल्या सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. थेंब आदळला की बारीक बुडबुड्यांतून ते हवेत उडतं. म्हणून रिमझिमीत हा वास जास्त येतो आणि मुसळधार पावसात कमी. मुरमाड माळावर लाल मखमली मृगाचे किडे दिसतात. आठ पाय असल्यामुळे तो खरा कीटक नाही, कोळ्या-गोचिडांच्या कुळातला. वर्षातला बहुतेक काळ मातीखाली काढून पहिल्या चांगल्या पावसानंतर थोडे दिवस बाहेर येतो. चावत नाही. तरी हातात घेऊ नये. तळहातावर कोरडा पडतो, आणि अंडी घालायला मिळालेले थोडे तास वाया जातात. आडवं झोपून, भिंग वाटेत रोवून तो स्वतःहून समोर येईपर्यंत थांबायचं. मखमल दिसते तेव्हा तिचा एकेक केस वेगळा दिसतो.

गिरिपुष्पाच्या लागवडीतून पावशा ओरडतो, ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’, दर वेळी सूर एक पायरी वर चढवत, आणि मग एकदम थांबतो. चातक दिसला तर काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. तो आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. काळी मुसळीची सहा पाकळ्यांची पिवळी चांदणी गवतात अगदी जमिनीलगत उमलते. पाऊल टाकण्याआधी बघितलं नाही तर ती हमखास बुटाखाली येते.

नैर्ऋत्येच्या अंगाला, सुमारे १९ किलोमीटरवर, सिंहगड. त्यावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याची रेघ दिसते का, हे रोज वहीत लिहायचं: स्पष्ट, पुसट किंवा नाही. वाहनं बंद असलेल्या दिवसांतली आणि आताची नोंद शेजारी ठेवली की शहराची हवा कशी बदलते ते कळतं. ढग खाली उतरले असतील त्या दिवसाची नोंद धरायची नाही, तो धुळीचा दोष नव्हे.

बुधवार, १० जून

भिंतींचा दिवस. सतरा दिवसांतला सर्वांत संथ. अडीच किलोमीटरला दोन तास लागतात.

प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांना नावाऐवजी क्रमांक आहेत, आणि रस्त्याला नाव मिळालं ते प्रभात फिल्म कंपनीवरून. कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून इथे आली. तिच्या स्टुडिओच्या जागेवर आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ चं, लॉ कॉलेज १९२४ चं. म्हणजे या वाटेवरच्या जुन्या कुंपणभिंती साधारण याच काळातल्या वसाहतीच्या. काळ्या घडीव दगडाच्या, सांध्यात चुना, आणि नंतर कधीतरी दुरुस्तीला सिमेंट.

शेवाळ कुठे धरतं ते बघितलं की भिंतीचा इतिहास वाचता येतो. चुना भुसभुशीत, ओल धरून ठेवणारा, म्हणून शेवाळ आधी सांध्यात शिरतं. सिमेंटच्या डागडुजीवर ते बरीच वर्षं येत नाही. दगडाच्या गुळगुळीत तोंडावर त्याच्याही आधी येतात दगडफुलं. ती राखाडी-पांढरी वर्तुळं असतात. वाढ वर्षाला फार तर काही मिलिमीटर. तळहाताएवढं वर्तुळ दिसलं तर ते तिथे कित्येक दशकं आहे. नखानं खरवडू नये, एवढं सांगणं पुरे.

आता खरा प्रयोग. उन्हाळाभर वाळून काळपट-तपकिरी झालेला शेवाळाचा ठिपका निवडायचा, सावलीतला, डोळ्यांच्या उंचीचा. भिंग डोळ्याला चिकटवून धरायचं आणि डोकं भिंतीकडे न्यायचं. भिंग भिंतीजवळ धरून लांबून बघितलं तर काही दिसत नाही, ही चूक जवळपास प्रत्येक जण करतो. आधी कोरडं रूप बघायचं: बारीक पानं देठाभोवती पिळून बसलेली, ओल्या टॉवेलाला पिळ दिल्यासारखी. मग बाटलीच्या झाकणातून चमचाभर पाणी ठिपक्याच्या वर, भिंतीवरून ओघळेल असं सोडायचं. थेट ओतलं तर धूळ आणि पानं दोन्ही वाहून जातात. आता हलायचं नाही. काही क्षणांत एक पान पिळातून सुटतं, मग शेजारचं, आणि मिनिट-दोन मिनिटांत सगळा ठिपका ताठ उभा राहतो, पोपटी हिरवा. ही वाढ नव्हे. शेवाळाला पाणी वर खेचणारी मुळं नसतात, पानाचा पृष्ठभागच पाणी शोषतो, त्या फुगवट्यानं पान उलगडतं. रंग बदलतो कारण ओलं पान पारदर्शक होऊन आतला हिरवा दिसू लागतो. हे बघितल्यावर पहिल्या पावसात पुण्याच्या भिंती एका रात्रीत हिरव्या कशा होतात, ते वेगळं सांगावं लागत नाही.

भिंतीची कोणती बाजू जास्त हिरवी? बहुतेक जण पटकन ‘उत्तरेची’ म्हणतात, आणि वर्षभराचा हिशेब केला तर ते बरोबर आहे. पण पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. या दिवसांत उत्तरेच्या तोंडावर ऊन येतं, दक्षिणेच्या नाही. शिवाय पाऊस नैर्ऋत्य-पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून पश्चिमेची तोंडं आधी भिजतात. एकाच बंगल्याच्या चारही भिंती बघून, झाडाची सावली कुठे पडते ते जमेस धरून, मगच उत्तर लिहावं. झाडाची सावली बाकी सगळ्यांवर मात करते.

दगडातले पांढरे ठिपकेही आज बघून घ्यावे. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत नंतर पाण्याबरोबर खनिजं येऊन बसली. पुण्याच्या आसपासच्या खाणींतून निघणारी ही खनिजं जगभरच्या संग्रहालयांत आहेत, वाघोलीचं निळं कॅव्हन्साइट तर फारच नावाजलेलं. कुंपणाच्या दगडात तेवढा थाट नसतो, पण सकाळच्या तिरक्या उन्हात एखादा ठिपका चमकतो. लोकांच्या भिंतीपुढे भिंग घेऊन उभं राहिलं की चौकशी होते. फाटकाला हात न लावता, दोन हात लांबून, काय बघतोय ते सरळ सांगावं. पुष्कळदा त्याच घरातली माणसं बाहेर येऊन बघतात.

शुक्रवार, १२ जून

आज कान. घरातून ५ वाजून १० मिनिटांनी बाहेर. सूर्योदय सहाला दोन-तीन मिनिटं कमी असताना, आणि पक्ष्यांचं गाणं त्याआधी अर्धा-पाऊण तास. तीन थांबे, प्रत्येकी पाच मिनिटं: कमला नेहरू उद्यानाची कडा, भांडारकर संस्थेचं कुंपण, लॉ कॉलेजजवळ टेकडीकडचा कोपरा. वहीच्या पानाच्या मध्यभागी फुली म्हणजे आपण. वरची बाजू उत्तर. आवाज आला की त्या दिशेला खूण, जवळचा फुलीजवळ, लांबचा कडेला. नावं येत नसतील तर ‘दोन शिट्ट्या, दुसरी वर’ असं लिहिलं तरी चालतं.

दयाळ बहुधा पहिला, तारेवर किंवा घराच्या अगदी वरच्या टोकावर. त्याच्या ओळी दर वेळी थोड्या बदलतात. कोकीळ नर ‘कुहू’ करतो. मादीचं ‘किक-किक-किक’ वेगळंच, आणि ते ऐकू आलं की मागोमाग कावळ्यांचा गलका होतो, कारण तिची नजर त्यांच्या घरट्यावर असते. उजाडल्यावर तांबट सुरू होतो: टुक, टुक, टुक, मिनिटाला शंभराच्या आगेमागे. घड्याळ लावून मोजावं. तांबट शोधताना हमखास फसगत होते. तो एकाच जागी बसून डोकं उजवीकडे-डावीकडे वळवत ओरडतो, त्यामुळे आवाज झाडभर फिरतोय असं वाटतं. आवाजामागे न धावता वाळक्या, उघड्या फांद्यांची टोकं तपासावीत.

सव्वासहानंतर दूधगाड्या आणि दुचाकी. एप्रिलमध्ये हा नकाशा नऊ वाजेपर्यंत करता येत होता. आता सव्वासहाला वही मिटायची.

या वेळी भटकी कुत्री टोळीनं असतात. खानावळी, हातगाड्या बंद झाल्यानं त्यांचं खाणं तुटलंय, ती बिथरलेली आहेत. पळायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, छत्री मिटलेली आपल्या आणि त्यांच्यामध्ये खाली धरून बाजूनं सरकायचं.

रविवार, १४ जून

एरवी आज दोन्ही पालख्या पुण्यात आल्या असत्या. देहूचं प्रस्थान परवा झालं, आळंदीचं काल, मोजक्या लोकांत. पादुका तिथेच थांबल्या आहेत, दशमीला वाहनानं पंढरपूरला जायच्या. फर्गसन रस्ता मोकळा.

भांडारकर रस्त्यानं गुडलक चौकापर्यंत जायचं, पालखीच्या वाटेच्या कडेला दोन मिनिटं उभं राहायचं, आणि परतताना दारोदारच्या तुळशी मोजत यायचं. हिरवी राम तुळस किती, जांभळट कृष्ण तुळस किती, मंजिऱ्या आलेल्या किती. वृंदावनं अंगणातली, कुंड्या गॅलरीतल्या, एखादी डालड्याच्या जुन्या डब्यात. चौथ्या मजल्यापर्यंत मान वर करून बघितलं की या रस्त्यावर किती तुळशी आहेत, ते बघून नवल वाटतं. आज एवढंच.

मंगळवार, १६ जून

पाऊस लागून राहिला तर गच्ची. ज्येष्ठांना तर सगळे दिवस गच्चीच. बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद गच्चीची कड चाळीस मीटर, पंचवीस फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर. दर पाच फेऱ्यांनी दिशा बदलायची. सतत एकाच बाजूला वळलं की आतल्या बाजूच्या गुडघ्यावर आणि खुब्यावर भार येतो. मोजायला पंचवीस चिंचोके एका खिशातून दुसऱ्या खिशात. टाकीजवळची फरशी हिरवी झाली असेल तर तिथून आतून वळायचं. पहिल्या पावसातली फरशी सर्वांत निसरडी असते, कारण उन्हाळाभराची धूळ धुऊन गेलेली नसते.

गुरुवार, १८ जून

संध्याकाळचा दिवस, आणि त्यासाठी एकच झाड: पर्जन्यवृक्ष. पुण्याच्या रस्त्यांवर छत्रीसारखा पसरलेला, मूळचा मध्य-दक्षिण अमेरिकेतला, इतका आपलासा झालेला की परका वाटत नाही. याची पानं सूर्यास्ताच्या सुमारास मिटतात. सूर्यास्त सव्वासातच्या आगेमागे, घरी परतायचं सातला, म्हणून मिटण्याची सुरुवात तेवढी गाठता येते. खालची, हाताच्या टप्प्यातली एक डहाळी निवडायची आणि ५:५० पासून दर दहा मिनिटांनी एकाच जागेवरून फोटो काढायचा. शेवटचा ६:४० ला. फोटोत मागे आकाश आलं तर पान काळं येतं, मागे खोड येईल असा कोन धरायचा.

बघताना काही हलत नाही. सहावा फोटो पहिल्याशेजारी ठेवल्यावर कळतं की पर्णिका खाली झुकून एकमेकींकडे वळल्या आहेत. हालचाल होते पर्णिकेच्या बुडाशी असलेल्या फुगीर सांध्यात. त्याच्या एका बाजूच्या पेशींतलं पाणी निघून दुसऱ्या बाजूला भरतं. दाट ढग आले तरी दिवसा मिटतात, म्हणून ढगाळ दिवसाच्या वेळा स्वच्छ दिवसाशी ताडून बघू नयेत. झाड मिटलं की खाली उजेड उलट किंचित वाढल्यासारखा वाटतो, कारण छताला फटी पडतात, आणि पाऊसही थेट मुळाशी पोचतो. लाजाळू, चिंच याच मंडळींतल्या. वाटेवर चिंच असेल तर तीही बघावी.

याच फेरीत रस्त्यावर पिवळा सडा लागतो तो पीतमोहराचा. कळ्या आणि देठ तांबूस मखमली असतात. ओल्या डांबरावर ही फुलं निसरडी होतात, सायकलस्वारांनी वळणावर सांभाळावं.

रविवार, २१ जून

वर्षातला सर्वांत मोठा दिवस, आणि सूर्यग्रहण. राजस्थान, हरियाणा, उत्तराखंडच्या पट्ट्यात कंकणाकृती, पुण्यात खंडग्रास. सकाळी दहाच्या सुमारास सुरू, पावणेबाराच्या आसपास सर्वाधिक, निम्म्याहून जास्त बिंब झाकलेलं, दुपारी दीडच्या सुमारास सुटका. सूर्याकडे बघायचं नाही, गॉगलमधून नाही, एक्स-रेच्या फिल्ममधून नाही, फोनच्या कॅमेऱ्यातूनही नाही. आज मान खाली घालूनच चालायचं.

झाडाखाली उन्हाचे कवडसे पडतात ते गोल का, हा प्रश्न रोजच्या वाटेवर कधी पडत नाही. पानांमधल्या फटी तर वेड्यावाकड्या. कारण असं की प्रत्येक बारीक फट सुईच्या भोकासारखी वागते आणि जमिनीवर सूर्याची प्रतिमा पाडते. कवडसा म्हणजे सूर्याचं चित्रच. त्याचा व्यास फट आणि कवडसा यांच्यातल्या अंतराच्या सुमारे १०९ व्या भागाएवढा. म्हणून पट्टी घेऊन फट किती अंतरावर आहे ते काढता येतं: कवडसा ९ सेंटिमीटर असेल तर फट ९८१ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दहा मीटरवर. सूर्य कलता असला की कवडसा लांबट होतो, तेव्हा आखूड व्यास मोजायचा. फट मोठी असली की कडा पुसट होतात आणि आकडा चुकतो. सर्वांत फिकट पण रेखीव कवडसा निवडावा. हा हिशेब ग्रहणाच्या आधी, साडेनऊच्या सुमारास करून ठेवायचा.

दहानंतर त्याच कवडशांना एका बाजूनं चंद्राचा चावा पडतो, आणि पावणेबाराला झाडाखालचा सगळा रस्ता कोरींनी भरतो. प्रत्येक कोर उलटी. उजवीकडचं डावीकडे, वरचं खाली. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, चिंच यांच्याखाली शेकडो बारीक कोरी पडतात. वडाखाली कमी, कारण पानं मोठी आणि दाट. वाऱ्यानं फांदी हलली की सगळ्या कोरी एकदम सरकतात. खडूनं एक कोर आखून ठेवायची, दहा मिनिटांनी शेजारी दुसरी. पहिल्या रेषेवर थांबून वाट बघण्यात अर्थ नाही, कवडसा तोवर पूर्वेला सरकलेला असतो.

झाड नसेल तर पुऱ्यांचा झारा आणावा. आज पुष्कळ घरांत तो मोकळाच असतो. पाठ सूर्याकडे, झारा खांद्याच्या उंचीवर, सावली पांढऱ्या कागदावर. भोकं चार मिलिमीटरची असतात, म्हणून झारा कागदाजवळ धरला तर भोकाचाच आकार दिसतो, सूर्याचा नाही. सव्वा-दीड मीटर अंतर ठेवलं की प्रत्येक भोकाखाली बारा-चौदा मिलिमीटरची कोर उमटते. चहाची गाळणी चालत नाही, तिची भोकं इतकी दाट की प्रतिमा एकमेकींवर चढतात. ढगांची जाड चादर असेल तर कवडसेच नसतात. मग उजेड किंचित मंदावतो तेवढा टिपायचा, आणि फटीतून पाचेक मिनिटं ऊन पडलं तर धावत झाडाखाली यायचं.

१२ वाजून ३६ मिनिटांनी पुण्यात सूर्य माध्यान्हीला. एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करायची, सुतळीला किल्ली बांधली की ओळंबा झाला. सावली अवघी साडेआठ सेंटिमीटर, आणि ती दक्षिणेकडे. काठी एका अंशानं कलली तरी पावणेदोन सेंटिमीटरची चूक होते, म्हणून दोन बाजूंनी ओळंबा लावून बघायचा. सावलीचं टोक खडूनं नोंदवायचं. कोरी अजून पडलेल्याच असतात, आता परत फुगत चाललेल्या. दीडला शेवटचा चावा कडेवरून निघतो आणि खडूच्या कोरींवर पुन्हा गोल कवडसे येऊन पडतात.